वरच्या मजल्यावर वायफाय: एक्स्टेंडर, मेश की साधी वायर?

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको इकडच्या रो-हाउसमध्ये फायबरची वायर पुढच्या दारातून आत येते, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसतो आणि वरच्या बेडरूममध्ये रेंजची एकच काडी दिसते. बहिणीच्या घरी हेच होतं. भाचा ऑनलाइन क्लाससाठी जिन्यात बसायचा.

खर्चाआधी एक फुकटचं काम करा. राउटर टीव्हीमागून काढून जिन्याजवळ उंचावर लावा. सळईच्या स्लॅबपेक्षा जिन्याच्या मोकळ्या जागेतून सिग्नल सहज वर जातो. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंती पार करतो पण मंद असतो; ५ चा वेगवान, पण भिंतीत लवकर दमतो. अपार्टमेंटमध्ये शेजारच्यांचे राउटर एकमेकांत घुसत असतील, तर २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा.

एवढ्यावर भागलं नाही, तरच पैसे काढा.

एक्स्टेंडर हजार-दीड हजारात मिळतो आणि प्लगमध्ये खोचला की झालं, म्हणून सगळे आधी तोच घेतात. पण एकाच बँडवर तो राउटरकडून घेतो आणि त्याच बँडवर पुढे देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. तिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही, तो पुढे काय देणार? अर्ध्या वाटेवर लावा. व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूबपुरता चालेल. व्हिडिओ कॉलवर नोकरी असेल, तर मी तो सुचवणार नाही.

माझं मत वायरच्या बाजूने आहे. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते आणि वरच्या टोकाला घरातला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधलं नेट वायफायने पसरवायला, चालतो. त्याचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा, मुख्य राउटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सोय) बंद करा, आणि केबल वॅनऐवजी (बाहेरून इंटरनेट येतं तो पोर्ट) लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीचा) लावा. नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवा. बहिणीकडे सगळं जमलं, तरी २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर वेग ९४ च्या पुढे जाईना. कनेक्टर उघडून पाहिला तर आठपैकी चारच तारा जोडलेल्या! चार तारांवर १०० चीच मर्यादा येते. आठही क्रिम्प करून (कनेक्टरमध्ये दाबून बसवून) घेतल्यावर पूर्ण वेग आला. जुन्या राउटरचे पोर्टही गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत ना, ते आधी बघा. केबल लाइटच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नका. गच्चीवरून आणणार असाल, तर उन्हात टिकणारी आउटडोअर घ्या.

मेश म्हणजे एकच वायफाय मिळून पसरवणारे दोन-तीन डबे. तो कुणी घ्यावा? भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, त्यांनी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांतही तोच सोयीचा: लाकडी तक्तपोशीतून सिग्नल बऱ्यापैकी उतरतो, अडतो तो जाडजूड भिंतीत, म्हणून दोन डबे दारांच्या सरळ रेषेत ठेवायचे. हा पर्याय सर्वांत महाग आहे. पण फोन हातात घेऊन फिरलात तरी कॉल सहसा तुटत नाही, आणि पुढे कधी वायर ओढलीत तर त्याच डब्यांना जोडता येते.

काहीही घ्या, वरचं उपकरण इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच लावा. नाहीतर लाइट गेल्यावर खालचा राउटर चालू राहील आणि वरची खोली पुन्हा बंद पडेल.