चिमटे, हिसके आणि ऑक्सफर्डचा ऑनलाइन कोश

शब्दकोशाची पारख करायची असेल, तर जडजंबाल पारिभाषिक शब्द बाजूला ठेवून हाताच्या लहानसहान हालचालींचे शब्द त्यात काढून पाहावेत, असे माझे मत आहे. ओढणे, उपटणे, हिसडा देणे, चिमटा काढणे अशा क्रियांसाठी इंग्रजीत जे जुने शब्द आहेत, त्यांच्या अभ्यासासाठी 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या ऑनलाइन आवृत्तीला तोड नाही.

हा कोश अर्थ कालक्रमाने मांडतो आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे देतो. आज 'ट्विंज' म्हणजे अचानक उठणारी कळ किंवा मनाला लागलेली टोचणी. परंतु हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला, त्याचा अर्थ चिमटा काढणे एवढाच होता. दुसऱ्याच्या बोटांनी बाहेरून काढलेला चिमटा 1600 च्या सुमारास शरीराच्या आतली कळ कसा झाला, हे एकेक अवतरण वाचत गेल्यावर आपोआप उलगडते, आणि हा अनुभव कोणतीही तयार व्याख्या देऊ शकत नाही. 'ट्विच' (झटका देणे) आणि 'ट्वीक' हे तर एकाच घराण्यातले. त्यांपैकी 'ट्वीक' हॅम्लेटच्या तोंडी नाक पिळण्याच्या अर्थाने येतो, तर आज तो यंत्रातल्या किंवा संगणकातल्या किरकोळ फेरबदलासाठी सर्रास वापरला जातो. 'जर्क' सोळाव्या शतकात आधी चाबकाचा फटका होता, हिसका नंतर झाला. 'यँक' (झटक्याने ओढणे) एकोणिसाव्या शतकातला असून त्याची व्युत्पत्ती अज्ञात आहे; अशा ठिकाणी ओढूनताणून व्युत्पत्ती न लावण्याचा संयम मला फार मोलाचा वाटतो.

ग्लासगो विद्यापीठात 1965 मध्ये सुरू होऊन 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला ऐतिहासिक पर्यायकोशही आता या संकेतस्थळाला जोडलेला आहे. त्यामुळे शब्दावरून अर्थाकडे जाण्याऐवजी 'झटक्याने ओढणे' या कल्पनेपासून सुरुवात करून तिच्यासाठी कोणत्या काळी कोणते शब्द प्रचारात होते, हे एकत्र पाहता येते.

संपूर्ण कोश पाहण्यासाठी वर्गणी भरावी लागते, ही मोठीच अडचण आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना मात्र अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सदस्यत्वावर तो मोफत उघडता येतो. शिवाय 1928 मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीतील सर्व नोंदींची फेरतपासणी अजून झालेली नाही, म्हणून नोंद केव्हा सुधारली आहे हे पाहूनच तिच्यातील सर्वांत जुन्या सालावर विसंबावे. केवळ अँग्लो-सॅक्सन काळातील, म्हणजे सर्वांत जुन्या इंग्रजीतील, अर्थ हवे असतील, तर बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. खेडोपाडीच्या बोलींत टिकून राहिलेल्या रूपांसाठी जोसेफ राइट यांचा 1898 ते 1905 या काळात निघालेला सहा खंडांचा बोलीकोश जोडीला घ्यावा.