घर खरं होतं, भाड्यानं देणारा खोटा

परदेशात घर शोधायला निघालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. मी घर पाहिलं होतं. नळ सोडून पाहिले, हीटरला हात लावून पाहिला, खिडकी उघडून रस्त्याचा आवाज किती येतो तेही पाहिलं. छापील करारावर सह्या झाल्या, रोख पैशांची पावती मिळाली. तरी बर्लिनमध्ये माझे २,२७० युरो गेले.

‘मालक परदेशी असतो, आधी पैसे भरा, किल्ली कुरिअरनं येईल’ ही तऱ्हा आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे. माझ्या बाबतीत जे झालं ते वेगळं. त्यात माणूस समोर येतो, कुलूप उघडतो, घर फिरवून दाखवतो, आणि तुम्ही जे जे तपासाल ते ते खरं निघतं.

आधी बर्लिनची परिस्थिती सांगते, नाहीतर ‘इतकी घाई कशाला केलीस’ असं वाटेल. या शहरातले बहुसंख्य लोक भाड्याच्या घरात राहतात आणि घरं कमी आहेत. परवडण्याजोग्या घराची जाहिरात सकाळी लागली तर दुपारपर्यंत ती काढूनही टाकलेली असते, कारण तेवढ्यात शेकडो अर्ज येऊन पडतात. अर्जासोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधीच्या घराचं भाडं थकलेलं नाही असं पत्र, आणि शुफा, म्हणजे तुम्ही देणी वेळेवर चुकवता की नाही याचा दाखला, एवढं मागतात. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीही नसतं. असतं ते ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं, ज्यातून माझ्या वेळी महिन्याला ९९२ युरो हातात पडायचे. तेवढ्यात भाडं, हेल्थ इन्शुरन्स, खाणं-पिणं सगळं बसवायचं.

त्यात पत्ता नोंदवण्याची भानगड. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात आनमेल्डुंग करावं लागतं, आणि त्यासाठी घर देणाऱ्यानं सही केलेला कागद लागतो. ही नोंदणी झाली की टॅक्स आयडी त्या पत्त्यावर टपालानं येतो. व्हिसाची पुढची कामंही याच कागदावर अडतात. त्यामुळे होस्टेलच्या बंक बेडवर झोपणाऱ्या माणसाला छपराइतकीच त्या कागदाची गरज असते, आणि गंडवणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मी पाहिलेल्या जाहिरातीत दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, ‘आनमेल्डुंग शक्य’.

घर वेडिंग भागात, लिओपोल्डप्लात्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. नुसतं भाडं ५४०, हीटिंग आणि इतर खर्च धरून ६५०. स्वस्त होतं, पण संशय यावा इतकं नाही. ३०० युरोंत सगळ्या सोयींचं घर दाखवणारे हौशी असतात. मुरलेला माणूस बाजारभावाच्या थोडंसंच खाली राहतो.

घर दाखवायला आलेला गृहस्थ चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला अघळपघळ नाही. घर चुलतभावाचं आहे, तो हॅम्बुर्गला नोकरीला गेला, मी इथलं बघतो, असं त्यानं सांगितलं. भावाच्या ओळखपत्राची प्रत आणि ‘माझ्या वतीनं करार करण्याचा अधिकार देत आहे’ असं सहीचं पत्र त्यानं आधीच मेलवर पाठवलं होतं. इकडे इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. खाली बेलच्या पॅनलवर आणि टपालपेटीवर आडनावं असतात, पोस्टमनही नाव पाहूनच पत्र टाकतो. म्हणून मी आधी बेल पाहिली. ओळखपत्रावरचं आडनाव तिथे होतं. पांढऱ्या कागदाची पट्टी, बाकीच्यांपेक्षा जरा स्वच्छ, एवढाच फरक.

आतलं सामान मात्र आज डोळ्यांसमोर आलं की सगळी गोष्ट त्यातच लिहून ठेवली होती असं वाटतं. कपाटात चार ताटल्या, चार पेले, चार काटे, मोजून. हँगर सगळे एकाच जातीचे. बाथरूममध्ये साबणाचा डिस्पेन्सर भिंतीला स्क्रूनं बसवलेला. आणि फ्रिजच्या दारावर वायफायचं नाव आणि पासवर्ड, इंग्रजीत, लॅमिनेट केलेला. स्वतःच्या घरात कोण पासवर्ड लॅमिनेट करून लावतं? भाऊ अधूनमधून मित्रांना राहायला देतो, असं तो सहज म्हणाला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, हे विशेष.

करार जर्मनमध्ये, छापील नमुन्यावर. हे नमुने स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यामुळे छापील करार म्हणजे कोणीतरी चार पैसे देऊन फॉर्म आणला, यापलीकडे त्याला अर्थ नाही. त्यानं माझ्याकडून शुफा मागितला नाही, ‘नवीन आलेल्यांकडे कुठून असणार’ म्हणाला. पासपोर्टची प्रत मात्र मागून घेतली. तीन महिन्यांचं डिपॉझिट, १,६२० युरो, रोख, पावतीसकट. पहिल्या महिन्याचं भाडं त्या भावाच्या बायकोच्या, म्हणजे त्याच्या वहिनीच्या खात्यावर ट्रान्सफर. ऑक्टोबर २०२५पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना, तुम्ही टाकलेलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतं का, हे पैसे पाठवण्याआधी दाखवावं लागतं. माझ्या ॲपनं हिरवी खूण दाखवली. नाव जुळलंच होतं. खातं त्या नावाच्या कुणाचं तरी होतंच. ती बाई या घराची कोण लागते, हे बँक कशी सांगणार?

किल्ली १ नोव्हेंबरला सकाळी दहाला मिळायची होती.

त्या सकाळी जिन्यात माझ्याआधी एक मुलगा सूटकेसवर बसलेला होता. मला वाटलं, घर सोडून जाणारा असेल. त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटलं. थोड्या वेळात एक जोडपं गाद्या भरलेली व्हॅन घेऊन आलं आणि मग कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दार उघडलं ते झोपेतून उठलेल्या एका पर्यटकानं. तो शनिवार-रविवार फिरायला आला होता, घर त्यानं सुट्टीतल्या मुक्कामासाठी एका साइटवरून घेतलं होतं. आमच्या माणसानंही तेच केलं होतं, फक्त काही दिवस आधी. घर बुक करायचं, किल्ली घ्यायची, दिवसभर ओळीनं लोकांना दाखवायचं आणि मुक्काम संपला की किल्ली परत करून निघून जायचं.

आम्ही करार बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले. फॉर्म एकच, अक्षर एकच, पण मालकाचं नाव तिन्ही करारांवर वेगळं. प्रत्येकाला वेगळं ओळखपत्र पाठवलेलं आणि प्रत्येकानं खाली बेलवर आपल्याला हवं तेच नाव पाहिलेलं. म्हणजे हा पठ्ठ्या दर भेटीआधी खाली जाऊन पट्टी बदलत होता. इतकी मेहनत एखाद्या नोकरीत केली असती तर बढती मिळाली असती.

पोलिसांत तक्रार ऑनलाइन करता येते, बर्लिन पोलिसांची त्यासाठी वेगळी साइट आहे. तरी आम्ही ठाण्यात गेलो. करार, पावती, मेल, खात्याचा नंबर, सगळं त्यांनी नीट उतरवून घेतलं. बँकेनं पैसे परत मागवण्याची विनंती पाठवली, पण इन्स्टंट ट्रान्सफरचे पैसे काही सेकंदांत पोचतात आणि अशा खात्यावर ते मुक्कामाला थांबत नाहीत. रोख रकमेचा तर प्रश्नच नव्हता. खऱ्या मालकाला गाठलं तेव्हा तो पोलिसांशी बोलायला नाखूष दिसला. बर्लिनमध्ये राहतं घर परवानगीशिवाय पर्यटकांना देण्यावर २०१४पासून बंदी आहे. त्याच्याकडे परवानगी होती की नाही हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलंही नाही.

आता ज्यानं हे टळलं असतं ते सांगते. घर पाहिल्यानं एवढंच कळतं की घर आहे. समोरच्या माणसाला ते भाड्यानं देण्याचा हक्क आहे का, हे त्या माणसाला किंवा त्यानं दिलेल्या कागदांना विचारून कळत नाही. त्याच्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी विचारावं लागतं. आमच्याच इमारतीच्या जिन्यात, टपालपेट्यांच्या वर, काचेच्या फळ्यावर इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीचं नाव आणि फोन नंबर लावलेला होता. याला हाउसफेरवाल्टुंग म्हणतात आणि बर्लिनच्या मोठ्या इमारतींत तो फळा बहुधा असतोच. ‘तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं घर रिकामं होतंय का, या नावाचा भाडेकरू किंवा मालक तिथे आहे का’ एवढं विचारायचं. प्रायव्हसीचं कारण देऊन ते सगळं सांगणार नाहीत, पण ‘असं कुणी नाही’ एवढं बरेचदा सांगतात. फोन लागला नाही तर शेजारची बेल दाबावी. ते घर पर्यटकांचं आहे हे अख्ख्या जिन्याला ठाऊक होतं. चाकांच्या बॅगांच्या आवाजाबद्दल शेजारच्या आजींनी आम्हाला बरंच ऐकवलं.

दुसरी गोष्ट पैशांच्या वेळेची. जर्मन कायद्यानं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकं घेता येतं, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. खरे मालकही अनेकदा पूर्ण रक्कम एकदम मागतात आणि घराच्या टंचाईत लोक देतात, हे मान्य. पण तेही किल्ली हातात ठेवताना मागतात. ‘आज सही, आज पैसे, किल्ली एक तारखेला’ असं कुणी म्हणालं तर ‘पैसे किल्लीबरोबर देते’ एवढंच म्हणावं. ज्याच्याकडे किल्ली काही दिवसांपुरतीच आहे, त्याला हे वाक्य परवडत नाही. कुणी स्वतः भाडेकरू असून पोटभाड्यानं देत असेल तर मूळ मालकाची लेखी परवानगी मागावी. तशी परवानगी लागतेच, त्यामुळे मागण्यात वावगं काही नाही. मला पुढे बर्लिनच्याच श्पांडाउ भागात शेअर्ड फ्लॅटमधली खोली मिळाली ती अशाच परवानगीच्या कागदावर, आणि तो कागद मागितला म्हणून तिथलं कुणी रागावलं नाही.

पैशांचं दुःख एका सेमिस्टरमध्ये ओसरलं. पासपोर्टचं प्रकरण अजून चालू आहे. काही महिन्यांनी नेटवर माझं नाव शोधून एका अनोळखी मुलीनं मला मेसेज केला. लाइपझिगमधलं तुमचं घर मला आवडलंय, पण पैसे भरण्याआधी तुमच्याशी थेट बोलायचं होतं, असं तिनं लिहिलं होतं. सोबत माझ्या पासपोर्टची प्रत. बेलवर माझं आडनावही तिनं पाहिलं होतं. म्हणजे मला जे ओळखपत्र आलं होतं तेही बहुधा माझ्याच आधी फसलेल्या कुणाचं तरी होतं, आणि त्या बिचाऱ्याला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या होत्या.

म्हणून पासपोर्टची कोरी प्रत कुणालाही पाठवू नका. घर पाहण्याच्या वेळी ओळखपत्र नुसतं दाखवलं तरी पुरतं. द्यायचीच वेळ आली तर फोटोवरून आडवं जाईल असं ठळक लिहा: कुणाला दिली, कोणत्या पत्त्याच्या घरासाठी, कोणत्या तारखेला. पासपोर्ट नंबरचे मधले आकडे झाकून टाका.

सरकारी वकिलांच्या कार्यालयातून मला पत्र आलंय की आरोपीचा माग लागत नसल्यामुळे तपास थांबवला आहे. पैसे परत मिळणार नाहीत म्हणून तक्रारीचा कंटाळा करणारे बरेच भेटतात. माझ्या तक्रारीचा नंबर मी त्या लाइपझिगच्या मुलीला दिला, तिनं तो तिथल्या पोलिसांना दिला. माझ्या नावानं उद्या कुणी दारात येऊन उभं राहिलं, तर ‘ती मी नव्हे’ हे सिद्ध करायला माझ्याकडे आज तरी तेवढा एकच कागद आहे.