निळे फायकोसायनिन की लाल अ‍ॅस्टाझँथिन?

पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या या दोन नैसर्गिक रंगद्रव्यांपैकी, उत्पादनाच्या दृष्टीने स्पिरुलिना या सूक्ष्मजीवातील निळे फायकोसायनिन सोपे आहे. स्पिरुलिना वाढते त्या सुमारे १० सामूच्या (pH) अल्कधर्मी पाण्यात इतर जीव सहसा टिकत नसल्याने उघडे तलावही चालतात आणि वाळवलेली पूड पाण्यात भिजवली की निळा रंग उतरू लागतो. मात्र फायकोसायनिन हे प्रथिन ५० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने फिके पडते, म्हणून ते आइस्क्रीमला शोभते, बिस्किटाला नाही. अ‍ॅस्टाझँथिनसाठी हिमॅटोकोकस या सूक्ष्म शैवालाच्या हिरव्या पेशी आधी वाढवून, मग नायट्रोजनचा पुरवठा तोडून प्रखर प्रकाशात लाल कराव्या लागतात, आणि त्यांचे जाड कवच फोडल्याशिवाय फारसे हाती लागत नाही. तरीही तेलात विरघळणारे हे ऑक्सिडीकरणरोधक रंगद्रव्य मला अधिक मोलाचे वाटते.