बोराचे फोटो, मेराकचे कागद

इटलीत मोदेनाजवळ उभी असलेली, पूर्ण रिस्टोअर केलेली १९७३ ची मासेराती बोरा ही स्पोर्ट्स कार, किंमत ९५,००० युरो. या जाहिरातीपायी माझे १३,७०० युरो गेले. नाशिकचा वडिलांचा प्लॉट विकून आलेल्या पैशांतले होते ते. घरी सांगायलाच मला दोन महिने लागले.

बोराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मी फसलो तो तिच्याच ओढीनं. १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती आली. जुजारो या इटालियन डिझायनरचं डिझाइन, सीटच्या मागे व्ही-८ इंजिन, छत रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलचं. एकूण सुमारे साडेपाचशेच बनल्या. तेव्हा मासेराती सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात होती, म्हणून ब्रेक, उघडमिट होणारे हेडलाइट, ड्रायव्हरची सीट, इतकंच काय पेडलं पुढेमागे करणंही सित्रोएनच्या हायड्रॉलिक्सवर चालतं. त्यासाठी एलएचएम नावाचं हिरवं तेल लागतं. चुकून दुसरं तेल घातलं तर सगळी सीलं खराब होतात.

विकणाऱ्याला हे सगळं पाठ होतं. पहिल्याच फोनवर त्यानं स्वतःहून एलएचएमचा विषय काढला, सीलं कधी बदलली ते सांगितलं. मी म्युनिकमध्ये अकरा वर्षं इंजिनिअर आहे. इतकं बारीक बोलणारा माणूस खोटा असेल असं मनातही आलं नाही. पण ही माहिती कुठल्याही हौशी माणसाला असते. त्यानं गाडीला कधी हात लावला होता, याचा त्यात काहीच पुरावा नव्हता.

व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, इंजिन चालू करून हेडलाइट वर करून दाखवा. बॅटरी काढून ठेवलीय म्हणाला, आणि आधी काढलेला व्हिडिओ पाठवला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी निरोप आला की हॉलंडचा एक ग्राहक उद्या येतोय. मी ९,५०० युरो बयाणा पाठवला, इन्स्टंट ट्रान्सफरनं. असे पैसे काही सेकंदांत पोचतात आणि परत मागवणं जवळपास अशक्य असतं. गाडी इटलीत, माणूस इटलीतला, आणि खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मात्र एलटीनं सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियातला. इटलीतल्या खात्याचा आयटीनं सुरू होतो. ते दिसत असूनही मी विचारलं नाही. आठवड्यानं वाहतूक आणि विम्याचे म्हणून आणखी ४,२०० गेले. त्यानंतर फोन बंद.

ब्रेनर घाट ओलांडून मी त्या पत्त्यावर गेलो. तिथे टायरचं दुकान होतं. दुकानदारानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, 'व्हिझुरा काढलीत का?'

इटलीत प्रत्येक गाडीची नोंद पीआरए या सरकारी रजिस्टरात असते. नंबर प्लेट माहीत असली की कोणीही तिचा उतारा, म्हणजे व्हिझुरा, काढू शकतो. मालक कोण, गाडीवर कर्ज किंवा जप्ती आहे का, सगळं त्यात येतं. खर्च दहा युरोंच्या आत. आपण जमीन घेताना सातबारा बघतो, तसंच हे. मी ते त्या दुपारी काढलं. प्लेट एका मेराकची होती, मालकही वेगळाच.

मेराक ही बोराची धाकटी बहीण, इंजिन व्ही-६. समोरून दोघी सहज चकवतात. पण बोराचा चासी नंबर एएम११७ नं सुरू होतो, मेराकचा एएम१२२ नं. मला पाठवलेल्या कागदाच्या फोटोत एएम१२२ स्वच्छ वाचता येत होतं. मी फक्त शिक्के पाहिले होते. गाडीचे फोटो एका जुन्या लिलावातले निघाले, कडा कापून वापरलेले.

तिथल्या ओळखीच्या लोकांनी नंतर रीतसर पद्धत सांगितली: दोघांनी मिळून गाड्यांची कागदपत्रं करणाऱ्या एजन्सीत जायचं, विकणाऱ्याची सही तिथे प्रमाणित होते, आणि त्याच टेबलावर बँकेचा चेक, म्हणजे असेन्यो चिर्कोलारे, हातात द्यायचा. तोही आधी बँकेला फोन करून तपासला जातो. खरा मालक याला नाही म्हणत नाही.

कारबिनिएरीकडे, म्हणजे इटलीच्या पोलिसांकडे, आणि म्युनिकच्या पोलिसांकडे तक्रार दिली आहे. बँकेनं रक्कम परत मागितली, पण खातं रिकामं होतं.

गेल्या आठवड्यात तेच फोटो पुन्हा दिसले. गाडी आता तोरिनोजवळ आहे म्हणे, किंमत ८८,०००.