फुटबॉलची ऑफर आणि डिग्रीचा आकडा: कॉलेज निवडताना काय कशाशी ताडून पाहावं

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा कोच ऑफर घेऊन येतो, तेव्हा स्टेडियम, जिम आणि टीव्हीवर दिसणाऱ्या मॅचेसच्या जोडीला एक आकडा हमखास पुढे करतो: आमच्या टीममधली इतकी टक्के मुलं डिग्री घेऊनच बाहेर पडतात. आकडा बहुधा ऐंशीच्या आसपास किंवा वर असतो आणि आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. अमेरिकेतल्या मराठी घरात अशी ऑफर आली, तर पहिला प्रश्न शिक्षणाचाच निघणार, आणि तो रास्तही आहे. एनएफएल, म्हणजे फुटबॉलची व्यावसायिक लीग, तिच्या निवडीला पात्र ठरणाऱ्या कॉलेज खेळाडूंपैकी जेमतेम १.६ टक्के निवडले जातात, असं कॉलेज खेळांचं नियमन करणारी एनसीएए ही संस्था स्वतःच सांगते. बाकीच्यांना पुढचं आयुष्य डिग्रीच्या जोरावर काढायचं असतं.

कोच सांगतो तो आकडा खरा असतो. पण त्याच टीमचा दुसरा एक अधिकृत आकडाही असतो आणि तो पंधरा-वीसने कमी निघणं नवलाचं नाही. म्हणून आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहू आणि मग कॉलेजं.

फेडरल रेट आणि जीएसआर

१९८९ मध्ये एनएफएलचा खेळाडू डेक्स्टर मॅनलीने अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे रडत सांगितलं की आपल्याला धड वाचता येत नव्हतं. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत तो चार वर्षं खेळला होता. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कॉलेजांनी खेळाडूंच्या पदवीचं प्रमाण जाहीर करावं असा कायदा झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत बिल ब्रॅडली हे सेनेटर होते, जे स्वतः बास्केटबॉलचे नामवंत खेळाडू. या कायद्यातून फेडरल रेट आला. हिशेब सरळ आहे: स्कॉलरशिपवर पहिल्या वर्षाला दाखल झालेल्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांत त्याच कॉलेजातून डिग्री घेतली. कॉलेज बदललेला मुलगा दुसरीकडे उत्तम मार्कांनी पास झाला, तरी पहिल्या कॉलेजच्या खात्यात तो नापासच राहतो.

हे अन्यायाचं आहे म्हणून एनसीएएने आपलं माप काढलं, ग्रॅज्युएशन सक्सेस रेट, म्हणजे जीएसआर. २००५ पासून ते छापलं जातं. यात बाहेरून ट्रान्सफर होऊन आलेली मुलं हिशेबात धरतात, आणि जी मुलं खेळायला पात्र असताना, म्हणजे पुरेसे मार्क असताना, कॉलेज सोडून गेली त्यांना हिशेबातून काढून टाकतात.

एक काल्पनिक टीम घेऊ. २० मुलं पहिल्या वर्षाला आली. १० जणांनी डिग्री घेतली, ४ जण अभ्यासात मागे पडून बाहेर गेले, ६ जण बऱ्या मार्कांवर सोडून गेले. मधल्या काळात ३ मुलं दुसऱ्या कॉलेजातून आली, त्यातल्या २ जणांनी डिग्री घेतली. फेडरल रेट: २० पैकी १०, म्हणजे ५० टक्के. जीएसआर: वीसमधून ६ वजा, त्यात ३ मिळवले, झाले १७. डिग्रीवाले १२. म्हणजे ७१ टक्के. टीम तीच, मुलं तीच.

त्या सहा जणांचं पुढे काय झालं? एखादा एनएफएलमध्ये गेला असेल, दोघांनी दुसऱ्या कॉलेजातून डिग्री घेतली असेल, उरलेले घरी परतले असतील. जीएसआर हे विचारत नाही, आणि पालकांनी विचारायचं ते नेमकं हेच. म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही आकडे मागून घ्या आणि त्यांच्यातलं अंतर बघा. अंतर मोठं असेल तर त्या टीममध्ये मुलांची ये-जा फार आहे. त्यामागे कधी कोच बदलल्याचं कारण असतं, कधी नव्या भरतीसाठी जुन्यांना बाहेरची वाट दाखवल्याचं.

आणखी दोन गोष्टी कोच आपणहून सांगत नाही. एक, हे आकडे शिळे असतात. सहा वर्षं थांबून मोजायचं म्हटल्यावर २०२४ मध्ये छापलेला आकडा २०१७ साली दाखल झालेल्या मुलांपर्यंतचा असतो. तेव्हाचा कोच आज तिथे असेलच असं नाही. दुसरी, स्कॉलरशिप नसलेला खेळाडू, ज्याला वॉक-ऑन म्हणतात, तो अशा टीमच्या आकड्यांत येतच नाही. तुमच्या मुलाला वॉक-ऑन म्हणून बोलावलं असेल, तर टीमचा रेट बाजूला ठेवा आणि सगळ्या कॉलेजचा बघा.

एपीआर नावाचं तिसरं माप आहे, १००० पैकी गुण देणारं. ९३० च्या खाली गेलं की टीमला सीझननंतरचे सामने खेळता येत नाहीत. कॉलेजवर वचक ठेवायला ते बरं, निवड करताना त्याचा फारसा उपयोग नाही.

कुणाशी तुलना करायची

खेळाडू बाकीच्या विद्यार्थ्यांइतकेच, किंबहुना जास्त पास होतात, असं एनसीएए सांगते. सगळे खेळ एकत्र धरले तर हे खरं आहे. २०२४ मध्ये डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटातल्या, सगळ्या खेळाडूंचा जीएसआर ९१ टक्के होता. पण त्यात पोहणारी, टेनिस खेळणारी, रोइंग करणारी मुलं-मुली सगळी आली. फुटबॉल वेगळा काढला की चित्र उतरतं.

साउथ कॅरोलायना विद्यापीठातले रिचर्ड साउथॉल आणि त्यांचे सहकारी आणखी एक मुद्दा काढतात, तो मला बिनतोड वाटतो. साध्या विद्यार्थ्यांच्या आकड्यात नोकरी करत रेंगाळत शिकणारेही असतात, आणि खेळाडूला तर नियमानेच पूर्णवेळ शिकावं लागतं. मग त्याची तुलना पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलग्यांशीच करायला हवी. तशी केली की मोठ्या टीम्सचे फुटबॉल खेळाडू मागे पडलेले दिसतात, आणि कृष्णवर्णीय खेळाडू सर्वांत मागे. २०१८ मध्ये संशोधक शॉन हार्पर यांनी पाच मोठ्या कॉन्फरन्समधल्या (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांमधल्या) ६५ विद्यापीठांची आकडेवारी मांडली. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुष खेळाडूंपैकी सहा वर्षांत डिग्री घेणारे ५५.२ टक्के होते, एकूण विद्यार्थ्यांपैकी ७६.३ टक्के. याच विद्यापीठांत कृष्णवर्णीय मुलगे एकूण विद्यार्थ्यांच्या २.४ टक्के आणि फुटबॉल टीममध्ये मात्र ५५ टक्के. ज्यांच्या जिवावर हा खेळ चालतो त्यांनाच डिग्री सर्वांत कमी मिळते, हे वाचून संताप येतो. निवड करणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावं, कारण ज्या कॉलेजला आपल्या सगळ्यात कामाच्या खेळाडूंची फिकीर नाही, ते इतरांची करील कशाला?

डिग्री कशातली?

दोन्ही रेट डिग्री मोजतात, तिच्यातलं शिक्षण मोजत नाहीत. माझ्या मते निवडीची खरी मेख इथे आहे.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचंच घ्या. २०१४ मध्ये तिथल्या खेळाडूंनी युनियन करायचा प्रयत्न केला, त्या वेळी टीमचा जीएसआर ९७ टक्के होता. देशात त्याहून चांगला रेट शोधून सापडला नसता. तरीही क्वार्टरबॅक केन कोल्टरने सुनावणीत सांगितलं की त्याला डॉक्टर व्हायचं होतं, पण केमिस्ट्रीचा वर्ग प्रॅक्टिसच्या वेळेवर आला आणि हळूहळू तो मागे पडला. शेवटी त्याने मानसशास्त्र घेतलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रम मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी निकालात नोंदवलं की ऑगस्टच्या कॅम्पमध्ये ही मुलं आठवड्याला ५० ते ६० तास आणि सीझनमध्ये ४० ते ५० तास फुटबॉलला देतात. एनसीएएचा नियम आठवड्याला २० तासांचा आहे. पण त्या हिशेबात मॅचचा अख्खा दिवस तीन तास धरतात आणि प्रवास, फिजिओथेरपी, 'ऐच्छिक' व्यायाम धरतच नाहीत.

त्यात प्रगतीचा नियम. दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. हेतू चांगला होता, मुलं रखडू नयेत. घडतं असं की दोन वर्षांनी इंजिनिअरिंगकडे वळावंसं वाटलं तर आधीचे क्रेडिट तिथे लागू पडत नाहीत आणि मुलगा अपात्र ठरायची भीती असते. मग सल्लागार त्याला आहे त्यातच ठेवतात. टीममधले निम्मे खेळाडू एकाच मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, दिसले तर समजून जा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर १९९३ ते २०११ पर्यंत असे कोर्स चालले ज्यांत वर्गच भरत नसे, शेवटी एक पेपर लिहून दिला की झालं. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यातल्या प्रवेशांपैकी जवळपास निम्मे खेळाडूंचे होते. ग्रॅज्युएशन रेटमध्ये या सगळ्या डिग्र्या पक्क्या धरल्या गेल्या.

अवघड विषय घेऊन निभावणारे आहेत. जॉशुआ डॉब्सने टेनेसीत क्वार्टरबॅक खेळत एरोस्पेस इंजिनिअरिंग केलं. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल २००८ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला नेणाऱ्या ऱ्होड्स स्कॉलरशिपची मुलाखत बर्मिंगहॅममध्ये देऊन त्याच संध्याकाळी विमानाने मेरीलँडच्या मॅचला पोचला. आज तो न्यूरोसर्जन आहे. अशी नावं कोच अभिमानाने सांगतो. त्याला पुढचा प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत तुमच्या टीममध्ये इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड (डॉक्टरकीची पूर्वतयारी) पूर्ण केलेले किती?

मोठी टीम, आयव्ही की डिव्हिजन थ्री

मोठ्या टीमची ऑफर म्हणजे पूर्ण स्कॉलरशिप, उत्तम ट्यूटर आणि आता पगारही. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या 'हाउस विरुद्ध एनसीएए' खटल्यातल्या तडजोडीमुळे कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. हे पैसे मुलांचे हक्काचेच आहेत. त्या बदल्यात मुलगा वर्षभर फुटबॉलचा असतो.

आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी स्कॉलरशिप नाही, १९५४ पासूनचा करार आहे. मदत मिळते ती घरच्या आर्थिक गरजेनुसार. मध्यमवर्गीय घराला ती भरघोस मिळू शकते. दोघंही आयटीत असलेल्या घराला बहुधा नाही. डिव्हिजन थ्रीमध्येही खेळासाठी पैसा नाही, गुणवत्तेवर किंवा गरजेवर मिळू शकतो. पण एमआयटी आणि जॉन्स हॉपकिन्स याच गटात फुटबॉल खेळतात, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. आयव्ही आणि डिव्हिजन थ्री या दोन्हींचा मोठा फायदा असा की गुडघा गेला किंवा मन उडालं, तरी आर्थिक मदत फुटबॉलला बांधलेली नसल्यामुळे मुलगा त्याच वर्गात बसून राहतो.

माझा कौल असा: स्टॅनफर्ड, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, नोत्र दाम यांसारख्या ठिकाणाहून पूर्ण स्कॉलरशिप आली तर घ्यावी. तिथे जवळजवळ सगळेच विद्यार्थी पास होतात आणि खेळाडूला वेगळं काढून सांभाळावं लागत नाही. मधल्या फळीतल्या टीमची पूर्ण स्कॉलरशिप आणि आयव्हीचा प्रवेश यांत निवडायचं असेल आणि घरची ऐपत असेल, तर आयव्ही. ऐपत नसेल तर स्कॉलरशिप सोडू नये, कर्जात बुडून घेतलेली डिग्रीही जड जाते. मात्र मग मेजर पहिल्या दिवसापासून मुलाने आणि तुम्ही ठरवायचा, टीमच्या सल्लागाराने नाही.

पोर्टल आल्यापासून

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदवही, सुरू झालं आणि २०२४ पासून मार्क ठीक असतील तर मुलगा कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो. जास्त पैसे किंवा जास्त खेळायला मिळतंय म्हणून जाणं समजण्यासारखं आहे. पण नवं कॉलेज सगळे क्रेडिट मान्य करीलच असं नाही, आणि दोनदा बदललेल्या मुलाची डिग्री सहज वर्षभर लांबते. ट्रान्सफरच्या आधी नव्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून कोणते क्रेडिट लागू पडतील याचा लेखी तक्ता घ्या. कोचच्या फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका.

ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये एक चांगला नियम आला आहे. पूर्ण स्कॉलरशिपवर असलेला खेळाडू डिग्री अर्धवट सोडून गेला, तर पुढची दहा वर्षं परत येऊन ती पूर्ण करायला कॉलेजने मदत करायची. एमिट स्मिथ एनएफएलमध्ये सुपर बोल जिंकूनही फ्लोरिडा विद्यापीठात परतला आणि १९९६ मध्ये डिग्री घेतली. आता त्यासाठी पदरचे पैसे मोजायची वेळ सहसा येऊ नये. सही करण्याआधी या मदतीत फीसोबत पुस्तकं आणि राहण्याचा खर्च धरला आहे का, आणि मुलगा मध्ये दुसऱ्या कॉलेजात गेला तर ती कोणाकडे मागायची, हे कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन बघणाऱ्या विभागाला) ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.