अरुशामध्ये स्वस्त सफारी घेताय? आम्हाला कसं गंडवलं ते आधी वाचा

मंडळी, टांझानियात ग्रुप कॅम्पिंग सफारीचा बेत असेल तर हे वाचून घ्या. लांबलंय थोडं, पण पैसे भरायच्या आधी वाचलेलं बरं.

मी आणि माझा मावसभाऊ फेब्रुवारीत गेलो होतो. स्वतंत्र गाडी दोघांना परवडणारी नव्हती, त्यामुळे सफारी जिथून निघतात त्या अरुशात उतरून जॉइनिंग ग्रुप, म्हणजे अनोळखी लोकांनी मिळून केलेली गाडी, शोधायचा असं ठरवलेलं, पुष्कळ लोक तसंच करतात आणि त्यात चुकीचं काही नाही. अरुशाच्या क्लॉक टॉवरपाशी दहा मिनिटं उभे राहिलात तर सफारी विकणारा कोणीतरी येऊन चिकटतोच, तिकडे या लोकांना फ्लायकॅचर म्हणतात. आमच्याकडे आला तो "नमस्ते, शाहरुख खान" करतच आला. बोलायला एकदम गोड, अजिबात घाई न करणारा. ऑफिसला नेलं, दुसऱ्या मजल्यावर, टेबल, लॅपटॉप, भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन्स, सगळं व्यवस्थित. चार दिवस तीन रात्री, पहिल्या दिवशी तरंगीरे नॅशनल पार्क, मग सेरेंगेटीत एक रात्र, गोरोंगोरोच्या कड्यावर सिम्बा कॅम्पसाइटला एक रात्र आणि शेवटी क्रेटरमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या ज्वालामुखीच्या विवरात उतरायचं. माणशी ५५० डॉलर. "एक डच जोडपं कन्फर्म आहे, उद्या सकाळी निघतायत, दोनच सीट राहिल्यात."

भिंतीवर मारा नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टचं (गुरासारखं दिसणारं आफ्रिकेतलं मोठं हरीण) मोठं पोस्टर होतं आणि हा पठ्ठ्या छातीठोकपणे सांगत होता की हे तुम्हाला दिसणार म्हणजे दिसणार. आता फेब्रुवारीत कळप असतात खाली दक्षिणेला, एनडुटूच्या गवताळ मैदानात, पिल्लं जन्मायचा हंगाम असतो तो. मारा नदी पार उत्तरेला, तिथली क्रॉसिंग साधारण जुलै ते ऑक्टोबर. मावसभावाने हे बोलून दाखवलं तर हा हसून म्हणाला, हवामान बदललंय सर, आता काही सांगता येत नाही. मावसभाऊ मराठीत मला म्हणाला, "अरे हा काहीही फेकतोय." पण लायसन्सवरचं कंपनीचं नाव आणि पावतीवरचं नाव जुळत होतं, ते आम्ही नीट बघितलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची गाडी आली साडेअकराला. क्लचचं काम निघालं म्हणे. मग तरंगीरेला जाऊन काही उपयोग नाही, उशीर झाला, त्याऐवजी म्टो वा म्बू गावात "कल्चरल वॉक" करू असं ड्रायव्हरने परस्पर ठरवून टाकलं. केळीच्या बागांमधून तासभर फिरवलं, केळ्याची बिअर चाखायला दिली आणि कॅम्पवर आणून सोडलं. आता बघा, केळीच्या बागा बघायला जळगावचा माणूस आफ्रिकेत कशाला जाईल! (मावसभाऊ जळगावचा आहे, तो दिवसभर धुसफुसत होता.)

खरी गंमत रात्री जेवताना. गाडीत आम्ही सहा जण, आम्ही दोघं, ते डच जोडपं, एक ब्राझीलची मुलगी आणि एक कोरियन पोरगा. कुकने राजमा आणि चपात्या केल्या होत्या, उत्तम होत्या, त्याच्याबद्दल तक्रार नाही. बोलता बोलता कोणी किती भरले हा विषय निघाला आणि सगळ्यांनी मोबाईलमधून पावत्यांचे फोटो काढले. चार पावत्या, चार वेगळ्या कंपन्या! डच जोडप्याने माणशी ७०० भरलेले, ब्राझीलवालीने ६२०, कोरियन पोराने ५८०. आणि डच बाई म्हणाली की आम्हाला तर सांगितलं होतं, एक इंडियन जोडी कन्फर्म आहे, दोनच सीट राहिल्यात. म्हणजे आम्हाला त्यांचं नाव सांगून गाडीत भरलं आणि त्यांना आमचं. काळीपिवळीवाला आपल्याकडचे दोन-चार प्रवासी दुसऱ्या गाडीत ढकलून कमिशन घेतो ना, तोच धंदा, फक्त डॉलरमध्ये.

पुढे सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटला ड्रायव्हर परमिटचे कागद घेऊन काउंटरला उभा होता तेव्हा मी मुद्दाम शेजारी जाऊन बघितलं. त्यावर पाचवीच कंपनी! आमच्या पावत्यांपैकी एकही नाव नाही. ड्रायव्हर खजील झाला बिचारा, म्हणाला मला मालकाने गाडी घेऊन जा सांगितलं, बाकी मला विचारू नका.

सेरेंगेटीबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. नाबीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत विल्डबीस्ट, आणि एक पिल्लू आमच्या डोळ्यांदेखत जन्मलं, चार-पाच मिनिटांत लटपटत उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं, लांब एक तरस बसून सगळं बघत होतं आणि गाडीत कोणी श्वासही घेत नव्हतं. पोस्टरवरची नदी गेली खड्ड्यात, हे बघायला मिळालं. सेरोनेराच्या कॅम्पसाइटवर रात्रभर सिंहांचा आवाज येत होता. म्हणूनच मी सफारी करू नका असं अजिबात म्हणत नाहीये.

सिम्बा कॅम्पसाइटला पोचलो तेव्हा थंडीने हाडं गोठायची वेळ आली, ती जागा साधारण २३०० मीटर उंचीवर आहे. स्लीपिंग बॅग "इन्क्लुडेड" होत्या, त्या निघाल्या उन्हाळी, जाड हवी तर दहा डॉलर. तिथल्या किचनच्या शेडमध्ये शेकत बसलो असताना दुसऱ्या एका गाडीचा गाईड भेटला, त्याने आमची कहाणी ऐकून सरळ हिशोबच मांडला. सेरेंगेटीची एंट्री माणशी ७० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट म्हणजे ८२.६०. तरंगीरे ५९. गोरोंगोरोची ७०.८०, आणि ती दोनदा, कारण सेरेंगेटीला जाताना त्याच हद्दीतून जावं लागतं. दोन्हीकडच्या कॅम्पिंगचे ३५.४० प्रमाणे. शिवाय क्रेटरमध्ये उतरायचे गाडीमागे २९५, सहा जणांत वाटले तरी माणशी पन्नासच्या आसपास. सगळं मिळून माणशी चारशेच्या वर नुसती सरकारी फी! डिझेल, गाडी, ड्रायव्हर, कुक, जेवण अजून यात आलंच नाही. तो म्हणाला, ५५० मध्ये ही ट्रिप होऊच शकत नाही, मधलं काहीतरी गाळावंच लागतं. मग विचारलं, तुमच्या कागदावर क्रेटरची फी भरलेली आहे का बघा. ड्रायव्हरकडून कागद मागून घेतले. नव्हती.

सकाळी ड्रायव्हरने व्ह्यूपॉइंटला गाडी थांबवली आणि सांगितलं, पावसामुळे खाली जायचा रस्ता बंद आहे, इथूनच फोटो काढा. आकाश निरभ्र. कोरियन पोराकडे चांगली दुर्बीण होती, त्यातून ६०० मीटर खाली मागाडी तळ्याच्या कडेने फिरणाऱ्या गाड्या स्वच्छ दिसत होत्या, मागे उडणाऱ्या धुळीसकट. त्याने काही न बोलता दुर्बीण ड्रायव्हरच्या हातात दिली. ड्रायव्हरने घेतली, बघितली आणि परत दिली. वर टिपची पाकिटं ठेवा म्हणून आठवण केली ती वेगळीच.

अरुशात परतलो तर त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसला कुलूप, व्हॉट्सअॅपवर एकच टिक. अरुशात टुरिस्ट पोलिसांचं वेगळं ठाणं आहे, तिथे गेलो. परमिटवरच्या कंपनीचं नाव होतं म्हणून तरी काही झालं, त्यांनी फोन करून मालकाला बोलावलं. त्याने हात वर केले, मला एजंटांकडून डोक्यामागे चारशेच मिळाले, वरचे त्यांनी खाल्ले, मी तरी कुठून घालू. बऱ्याच वादावादीनंतर क्रेटरचे म्हणून प्रत्येकी ५० डॉलर दिले आणि तक्रार नाही असं लिहून घेतलं. तरंगीरेचे बुडालेच. डच जोडप्याने कार्डाने भरलेले, त्यांनी सही केली नाही, बँकेत डिस्प्यूट टाकलाय. आमची रोख रक्कम होती.

तुम्ही जाणार असाल तर एजंटला पहिलं हे विचारा की गेटवरच्या परमिटवर कोणत्या कंपनीचं नाव येणार, ते पावतीवर लिहून घ्या, आणि फीचा हिशोब वेगळा लिहून मागा. खरा ऑपरेटर दोन मिनिटांत देतो, आम्ही परत आल्यावर दोघा-तिघांना विचारून बघितलं. ते टाटो या तिथल्या टूर ऑपरेटरांच्या संघटनेचे सभासद आहेत का तेही बघा. क्रेटरची फी निघायच्या आधी भरली का ते विचारा, कॅम्पवर पोचल्यावर विचारून काही होत नाही.

आमच्या परमिटचे फोटो माझ्याकडे आहेत, कुठे काय लिहिलेलं असतं ते बघायचं असेल तर मेसेज करा, पाठवतो.