तासाचा दर की ठोक रक्कम?

घरून स्वतंत्रपणे संशोधन-अनुदानाचे प्रस्ताव लिहिणाऱ्यांपुढे मानधनाचे हे दोन मार्ग असतात. ठोक रक्कम लिहिणारा आणि संशोधक दोघांनाही सोयीची वाटते, पण प्रस्ताव लिहिता लिहिता विज्ञानच बदलतं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या आर०१ नावाच्या अनुदानाच्या अर्जात उद्दिष्टांना १ पान आणि संशोधन आराखड्याला १२ पानं मिळतात. त्या एका पानावरचं एखादं उद्दिष्ट हललं, की पुढची बाराही पानं नव्याने लिहावी लागतात! म्हणून नवख्या संशोधकासोबत तासाचाच दर बरा. ओळखीच्या गटाचं, प्राथमिक निष्कर्ष हाताशी असलेलं काम खुशाल ठोक घ्यावं; फक्त किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या, हे करारात हवं. मंजूर रकमेत टक्केवारी मात्र कधीच नको. या व्यवसायाच्या आचारसंहितेत ती बसत नाही.